उपयोगिता प्रमाणपत्र

रक्कम जमा झाली अठ्ठावीस मार्चला, दुपारी.
मी भाकरी थापत होते.
पिठाच्या बोटानं मेसेज उघडला:
एक लाख पंच्याऐंशी हजार.
लगेच ताम्हाणे साहेबांचा फोन.
तीन दिवसांत खर्च दाखवा, नाहीतर परत जातील.
आणि जाता जाता म्हणाले, अभिनंदन.

अर्ज दोन वर्षांपूर्वीचा.
बोरमाळ महिला बचत गट, कचरा डेपोच्या खालच्या अंगाला,
हडपसरपासून बस, मग पुढं चालत.
मागणी एका ओळीची होती:
आमच्या सात विहिरींचं पाणी तपासा, आणि प्यायला दुसरं द्या.
साहेबांनी पेन्सिलीनं खोडलं.
"द्या" असं हेडच नाही हो ताई या योजनेत.
हेड आहे जनजागृतीचं. जनजागृती लिहा.

लिहिली.
आता कुणाला जागं करायचं?
पुण्याकडनं वारं फिरलं की आमची आळी
रात्री दोनला उठून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबते.
द्वारकाचं धाकटं पोरगं झोपेतसुद्धा नाक धरतं.
तरी फिरलो घरोघर,
जाग्या माणसांच्या सह्या घेत.

फ्लेक्स दोन, त्यावर साहेबांच्या साहेबांचा फोटो.
पोहे, ऐंशी प्लेटा.
वक्ते एक, कोथरूडहून आलेले, रुमालात कापूर घेऊन.
ओला कचरा, सुका कचरा
कसा वेगळा करायचा ते त्यांनी मुमताजला समजावलं,
जी वीस वर्षं डेपोवर तेच करते.
तिनं टाळ्या वाजवल्या, मनापासून.
मग त्यांची खरकटी प्लेट उचलली,
लिंबाची फोड एकीकडं, कागद एकीकडं.

हिरव्या टोप्या, तीनशे.
बिल तीनशेचंच आहे, शिक्क्यासकट जोडलंय.
टोप्या आल्या दोनशे.
हे मी इथं लिहितेय, फॉर्मवर नाही.
टोपीवाला पण आमच्याच रस्त्याचा,
त्याची आई आमच्याच विहिरीचं पाणी पीत होती.
काही न विचारता त्यानं पैसे परत मोजून दिले,
चौऱ्याऐंशी शे, दहाच्या नोटासुद्धा.

त्या पैशात सात बाटल्या लॅबला गेल्या.
शिवाजीनगरात बसमधून उतरताना
अनुसयानं पिशवी पोटाशी धरली होती,
बाळंतिणीनं लेकरू धरावं तशी.
कागद आला बारा दिवसांनी.
नायट्रेटपुढं आकडा, शिशापुढं आकडा,
आणि खाली इतकी लांब एक अक्षरांची माळ
की तिच्या नातीनं तीन वेळा फोडून वाचली.
शेवटची ओळ मात्र सगळ्यांना कळली:
पिण्यास अयोग्य.
कुणी काही बोललं नाही.
हंडे तसेच भरलेले होते ओट्यावर.
मुमताजनं त्यातलंच पाणी चहाला ठेवलं,
दुसरं कुठलं ठेवणार.

आज फॉर्म भरायला बसलेय.
वरचं सगळं छापूनच आलंय:
सदर रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली
त्याच प्रयोजनासाठी खर्च झाली
असे प्रमाणित करण्यात येते.
इथं सही, सचिव म्हणून माझी.
हात थोडा थांबला.
मग केली. खोटी म्हणा, खरी म्हणा.
जनजागृती झाली होती, त्या कागदानं.

शिल्लक रक्कम: चारशे बारा रुपये.
चलनानं परत करायची, मंगळवारी, साडेतीनच्या आत.

निर्माण झालेली मालमत्ता.
हा रकाना मी रिकामा सोडत होते.
अनुसया म्हणाली, अगं, त्या जोडीच्या बाटल्या?
लॅबला दिल्या तेव्हा एकेक मागं ठेवली होती,
गटाच्या खिडकीत उन्हाला आहेत,
पट्टीवर विहिरींची नावं.
एक फिक्या चहासारखी, एक काळ्या चहासारखी,
पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीची चक्क नितळ,
आकडा तिचाच सगळ्यात मोठा.

लिहिलं: बाटल्या सात, बुचासह.
पुढं विचारलंय, अंदाजे आयुर्मान (वर्षे).
अनुसयानं एक बाटली हलवून बघितली.
तळाचं वर आलं, फिरलं,
खाली बसायला बराच वेळ लागला.
आम्ही दोघी बघत राहिलो.
रकाना तसाच आहे अजून.